मित्राच्या माघारी उभी राहिलेली गाडी: सेल्फ मारण्याआधी या चुका टाळा

ताडपत्री निघते, बॉनेट उघडतं आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "बॅटरी लाव रे, एक सेल्फ मारून बघू." मित्र राहिलेला नसतो, त्याची दोन सीटची स्पोर्ट्स कार पंधरा वर्षं जागची हललेली नसते, आणि तो आवाज सगळ्यांनाच ऐकायचा असतो. आम्हीही बॅटरी आणली होती. कागदपत्रं शोधताना डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याची वही सापडली म्हणून वाचलो. शेवटची नोंद होती: 'ऑइल काढलं. फिल्टर आणायचा आहे.' इंजिनचं ऑइल चेंबर ठणठणीत कोरडं होतं.

तेव्हा पहिली चूक म्हणजे गाडी नुसती बंद पडलीय असं धरून चालणं. तिच्यावरचं काम कुणाच्या तरी हातून अर्ध्यावर राहिलेलं असू शकतं. वही, पावत्या, डिकीतले डबे, वायरींवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आधी वाचा. गॅरेज झाडून भंगार काढायची घाई तर नकोच. पुन्हा न मिळणारा पार्ट नेमका त्यातच असतो. आणि गाडी आता कुणाच्या नावावर, हे त्याच्या घरच्यांशी बोलून कागदावर आल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

मग इंजिन. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. नंतर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा. अडलं तर आणखी ऑइल, आणखी दिवस. जोर लावलात तर गंजून चिकटलेली पिस्टनची रिंग सुटण्याऐवजी तुटते. फियाट १२४ स्पायडरसारखा रबरी टायमिंग बेल्ट असेल तर सेल्फ मारण्याआधी तो बदला. इंजिन मोकळं झालं की नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत.

बॅटरी जोडतानाही सवयीवर जाऊ नका. १९६०च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. एमजीबीतही १९६७पर्यंत तसाच होता. उलट जोडलीत तर जुना रेडिओ जाऊ शकतो, आणि अल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड क्षणात जळतात.

पेट्रोलच्या बाबतीत मी जरा कडक आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल 'थोडं नवं मिसळून' वापरायचं नाही. वास वॉर्निशसारखा येत असेल तर त्याचा डिंक कार्ब्युरेटरच्या जेटमध्येही बसलाय. टाकी काढून आतून बघा, गंज साफ करा, रबरी पाइप सगळे बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला खातं. पहिल्यांदा इंजिन बाहेरच्या छोट्या कॅनमधून चालवा आणि शेजारी अग्निशामक ठेवा, कारण पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट अडकला तर कार्ब्युरेटर भरून वाहतो आणि पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर पडू शकतं.

आमच्या गाडीचा इंजिनला पेट्रोल पुरवणारा इलेक्ट्रिक पंप टिकटिकतच नव्हता. पॉइंट घासले, वायर बदलली, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी सीटखाली स्विच सापडला. गाडी कोणी पळवू नये म्हणून या पठ्ठ्याने तो स्वतः बसवला होता आणि वहीत मात्र एका अक्षराने लिहिलं नव्हतं!

गिअर पडत नसेल तर गिअरबॉक्स उघडू नका. बहुधा क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबून फळीने अडकवून ठेवलं तर कधी कधी आपोआप सुटते.

इंजिन लागलं की सगळे चक्कर मारायला बसतात. ब्रेक तपासले का? पेडल कडक लागतं याला काही अर्थ नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. ब्रेकचा रबरी पाइप, म्हणजे होज, आतून फुगला असेल तर ब्रेक लागतो, पण सुटत नाही, आणि चाक तापत राहतं. होज, सील, ऑइल सगळं नवं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका. टायरची नक्षी बघून समाधान मानू नका, बाजूवरचा कोड वाचा: चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर २०००च्या आधीचा आहे. त्यावर गाडी फार तर गॅरेजबाहेर ढकलायची.