ब्रॉयलरच्या पोटासाठी फीड ॲडिटिव्ह देताय? या चुका टाळा

लिटर, म्हणजे शेडमधले भुशाचे अंथरूण, ओले दिसले, विष्ठेत न पचलेले मक्याचे कण दिसू लागले, की आपला हात आधी कपाटाकडे जातो. थोडे प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणू), थोडे ॲसिडिफायर (पाणी आंबट करणारे ॲसिड), वरून लिव्हर टॉनिक. पक्षी सुधारले तर कशाने सुधारले ते कळत नाही आणि नाही सुधारले तर काय चुकले तेही कळत नाही.

सर्वात महाग पडलेली चूक माझी स्वतःचीच. रोज सकाळी टाकीत क्लोरिन टाकायचो आणि तासाभराने त्याच पाण्यात प्रोबायोटिक. अख्खी बॅच असेच चालले. पैसे मोजून जिवंत जिवाणू आणायचे आणि टाकीतच मारायचे! लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू क्लोरिनपुढे टिकत नाहीत. प्रोबायोटिक द्यायच्या दिवशी वेगळी, बिनक्लोरिनची टाकी वापरा आणि पक्षी तीन-चार तासांत संपवतील एवढेच पाणी तयार करा. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना प्रोबायोटिक देणे म्हणजेही तोच प्रकार. प्रोबायोटिक खाद्यातून द्यायचे तर खाद्य पेलेटचे, म्हणजे वाफेवर दाबून केलेल्या गोळ्यांचे, आहे का ते बघा. पेलेट करताना तापमान ८० अंशांच्या आसपास जाते, त्यात बॅसिलसचे बीजाणू तग धरतात, लॅक्टोबॅसिलस नाही. पचनाला मदत करणारे एन्झाइम देत असाल तर तेही उष्णता सोसणारे आहे ना, हे लेबलवर वाचा.

ॲसिडिफायर अंदाजाने ओतू नका. पाणी जड (जास्त क्षारांचे) असेल तर तेवढ्याच ॲसिडने सामू फारसा हलत नाही, हलके असेल तर भलताच खाली येतो. सामू ४ च्या खाली गेला की पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी कमी प्यायले की खाणेही कमी होते. म्हणून टाकीत नाही, पाण्याच्या लाइनवरच्या शेवटच्या निपलपाशी (पक्षी चोचीने दाबून पाणी पितात ती तोटी) मोजा. त्याच वेळी लाइनच्या टोकाचे झाकण काढून पाणी पांढऱ्या बादलीत सोडा. बुळबुळीत गुठळ्या आल्या तर ॲसिड राहू द्या, आधी लाइन धुवा. सौम्य ॲसिडच्या पाण्यात बुरशी आणि यीस्ट छान पोसतात, आणि तीच घाण निपलमध्ये अडकते.

आता लिटर. मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, हलका गोळा होऊन लगेच भेगाळला तर ठीक. ओल साधारण २० ते २५ टक्के हवी. कॉक्सीची (कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची) अंडी ओल, ऊब आणि हवा मिळाली की संसर्ग करण्याइतकी पिकतात. ती पोटात गेली की आतड्याचे अस्तर फाटते, तिथून प्रथिने झिरपतात आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या घातक जिवाणूची चंगळ होते. अशा शेडमध्ये कोणतेही पाकीट काम करणार नाही. निपलची उंची, गळती, पंखे आणि खाद्यातले मीठ आधी तपासा. मीठ जास्त झाले की पक्षी जास्त पाणी पितात आणि तितकेच खाली सोडतात.

एक चूक मात्र थेट जिवावर बेतते. खाद्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन ही कॉक्सीची औषधे असताना टियाम्युलिन हे अँटिबायोटिक कधीही देऊ नका. पक्ष्यांचे पाय लुळे पडतात, खाणे सुटते, मर होते. खाद्यात कोणते कॉक्सीचे औषध आहे, हे पोत्यावर बघा, नाहीतर खाद्य पुरवणाऱ्याला विचारा. तोवर औषधाची बाटली उघडायची नाही.

टॉक्सिन बाइंडर (बुरशीचे विष धरून ठेवणारी पावडर) घातला म्हणून बुरशीचा मका चालतो, असे नाही. मातीवर आधारित बाइंडर ॲफ्लाटॉक्सिन चांगले धरतात, टी-२ सारखी विषे बरीचशी निसटतात. आणि टनाला ५०० ग्रॅम लागणारी पावडर थेट मिक्सरमध्ये टाकू नका, आधी २०-२५ किलो भरड्यात कालवा.

बऱ्याचदा तर आजारच नसतो. चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा अधूनमधून दिसते ती अंध आतड्याची, म्हणजे सीकमची. ती नेहमीचीच. नारिंगी शेंबूड किंवा रक्त दिसले तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्याकडून नुकत्याच मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करून घ्या. आतडे गॅसने फुगून पातळ झालेले, आतून जुन्या टॉवेलसारखे खरखरीत असेल, तर क्लॉस्ट्रिडियमचा संशय पक्का धरा. रात्री मेलेला पक्षी सकाळी नेऊन उपयोग नाही. ब्रॉयलरचे आतडे फार लवकर कुजते आणि त्यात सगळेच आजार दिसू लागतात.