फिनलंडला जाताय? काय खायचं, काय जपून

हेलसिंकीत पोचलात की बंदराजवळच्या काउप्पातोरी मार्केटमध्ये जा आणि लोहिकेइत्तो घ्याच, साल्मन मासा, बटाटा, क्रीम आणि वर शेपू घातलेलं गरमागरम सूप, थंडीत यासारखं सुख नाही खरंच. मासे खात नसाल तर कार्यालनपीराक्का, राय (rye) या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत दुधात शिजवलेला मऊ भात, वर अंडं-बटर कालवून लावतात, नको असेल तर आधीच सांगा. कॉफीबरोबर कोर्वापूस्ती हा दालचिनीचा बन, त्यात वेलचीपण असते त्यामुळे वास एकदम घरचा वाटतो! साल्मियाक्की मात्र जपून, दिसते साधी काळी गोळी पण त्यात ज्येष्ठमध आणि चक्क नवसागर असतो, बीपीवाल्यांनी नकोच. तांपेरे शहराचं मुस्तामक्कारा म्हणजे रक्ताचं सॉसेज, न विचारता घेऊ नका.