पर्मनंट मेकअप शिकायचाय? आधी सुईचं शिका, मग स्ट्रोकचं

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, ताई मायक्रोब्लेडिंगचा (भुवईच्या कातडीत बारीक सुयांनी केसासारख्या रेषा कोरून रंग भरायचा) कोर्स कुठे करू आणि किती दिवसात कमवायला लागेन. पार्लर आधीपासून असतं, थ्रेडिंगला हात बसलेला असतो, मग भुवया कोरायला असा कितीसा वेळ लागणार असा हिशोब. मी पण पार्लरमधूनच या कामात आले त्यामुळे तो हिशोब मला कळतो. पण इथे कातडी फुटते, रक्त येतं, थोडं का असेना पण येतं. आणि एकदा रक्त आलं की तुम्ही नुसती पार्लरवाली राहत नाही आणि डॉक्टर तर नसताच, मधल्यामधे अडकता. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

दोन-तीन दिवसांच्या कोर्समधे मॅपिंग (भुवईचा आकार मोजून आखणं) होतं, स्ट्रोकचे, म्हणजे त्या रेषांचे, पॅटर्न होतात, लॅटेक्सच्या खोट्या स्किनवर प्रॅक्टिस होते, शेवटच्या दिवशी एखादी मॉडेल मिळते आणि सर्टिफिकेट धरून फोटो. हायजीन हा विषय बऱ्याच ठिकाणी चहाच्या आधीच्या अर्ध्या तासात गुंडाळतात. म्हणून फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. मॉडेलकडून आधी मेडिकल फॉर्म भरून घेता का, वापरलेल्या सुया कुठे जातात, आणि काम झाल्या झाल्याचे नाही तर दीड-दोन महिन्यांनंतरचे फोटो दाखवाल का. यावर जे चिडतात त्यांच्याकडे जाऊ नका, सरळ.

आता सुई किती खोल जावी त्याबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. रंग फारच वर राहिला तर खपलीबरोबर निघून जातो, आणि फार खोल गेला तर पसरतो, राखाडी-निळसर दिसायला लागतो, कधी कायमचा व्रण राहतो. भुवईवर साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचं काम असतं, पापणीची कातडी त्याहून कितीतरी पातळ. लॅटेक्सवर हे कळूच शकत नाही कारण त्याला रक्त येत नाही. खऱ्या कातडीवर मी बघते ते असं, स्ट्रोकच्या रेषेत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले इथपर्यंत ठीक, पण पुसल्यावर लगेच परत भरून यायला लागलं तर खोल गेलंय, त्या रेषेवर परत हात न्यायचा नाही, कितीही फिकी वाटली तरी. फिकं राहिलेलं टचअपला (नंतरच्या बैठकीत) भरता येतं. खोल गेलेलं वर काढता येत नाही.

आणि "नाही आवडलं तर लेझरने काढू" हे गिऱ्हाइकाला कधीच सांगू नका. भुवयांच्या पिगमेंटमधे (रंगामधे) आयर्न ऑक्साइड असतं, स्किन कलरच्या शेड्समधे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि हे दोन्ही लेझर लागल्यावर फिकं व्हायच्या ऐवजी एकदम काळपट पडू शकतात. वाकडी भुवई स्किन कलरने "झाकून" देणारे लोक आहेत, ते पुढच्या माणसाचं काम दुप्पट अवघड करून ठेवतात.

नंबिंग क्रीमवर (कातडी बधिर करायची क्रीम) मी जरा जास्त बोलणार आहे कारण यावर कुणीच बोलत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या ट्यूब, अर्ध्यांवर टक्केवारीच नाही, आणि आम्ही काय करतो तर जाड थर लावतो, वरून क्लिंग फिल्म गुंडाळतो, पहिला पास (सुईचा पहिला हात) झाला की फुटलेल्या कातडीवर परत लावतो. बहुतेक क्रीममधे लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) मार्च २०२४ मधे ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेनच्या, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या क्रीमबद्दल इशारा दिला होता, की हे रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, फिट येऊ शकते, श्वासाला त्रास होऊ शकतो. त्यात जे करू नका म्हणून सांगितलंय, मोठ्या भागावर लावणं, खरचटलेल्या कातडीवर लावणं, वरून प्लास्टिक गुंडाळणं, तेच आपल्याकडे पद्धत म्हणून शिकवतात! मी आता स्किनच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलीच क्रीम वापरते, पातळ थर, घड्याळ लावून. गिऱ्हाइक म्हणालं कानात गुंई वाजतंय, तोंडात लोखंडासारखी चव येतेय, गरगरतंय, तर क्रीम पुसायची आणि थेट डॉक्टरकडे, "लिंबू सरबत घ्या बरं वाटेल" नाही. यातल्या काही क्रीम अल्कलाइन असतात, डोळ्यात गेल्या तर कॉर्निया भाजतो. म्हणून नवीन मुलींनी आयलायनरच्या (पापणीच्या कडेला सुईने रंग भरायच्या) वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे, अकॅडमीवाले काहीही म्हणोत.

नाही म्हणायला शिका. गरोदर, अंगावर पाजणारी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेली, साखर कंट्रोलमधे नसलेली, केलॉइड होणारी (कान टोचल्यावर गाठ आली होती का असं विचारलं की लगेच कळतं), पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असलेली किंवा नुकतीच बंद केलेली, यांना डॉक्टरचं लेखी आल्याशिवाय हात लावायचा नाही. अंगावर कोड असेल तर जास्त सांभाळून, कारण जिथे कातडीला इजा होते तिथे नवीन डाग उठू शकतो. हे लोक सांगत नाहीत, लपवतात, म्हणून एकटीला विचारायचं, सासू शेजारी बसलेली असताना नाही.

लिप ब्लशचं, म्हणजे ओठात रंग भरायचं, वेगळंच. ज्यांना कधी ओठावर तापाचे फोड येऊन गेलेत, आपल्याकडे "जर उठलं" म्हणतात तसे, त्यांच्या अंगात तो हर्पिसचा व्हायरस झोपलेला असतो आणि सुईने ओठ डिवचला की जागा होतो. अख्ख्या ओठावर फोड, रंग पॅचेसमधे गळून पडतो. अशांना डॉक्टर आधीपासून अँटिव्हायरल गोळ्या देतात, त्या सुरू झाल्याशिवाय मी तारीख देत नाही. तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू होतात, "पुढच्या रविवारी लग्न आहे, ओठ गुलाबी करून द्या". ओठ सुजणार, सालं निघणार, शिवाय आपल्या सावळ्या ओठांवर एका बैठकीत गुलाबी होतच नाही, आधी केशरी घालून काळेपणा तोडावा लागतो आणि दोन बैठकांमधे महिना-दीड महिना जातो. भुवयांचंही तेच, ताज्या भुवयांवर हळदीचे हात फिरणार असतील तर नको. मी अशा नवरीमुलींना परत पाठवते. सीझनमधे जीवावर येतं पण पाठवते.

टेबल लावणं हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींकडून सगळ्यात आधी करून घेते. ट्रॉलीवर प्लास्टिकची शीट, मशीन आणि वायरला कव्हर, लँपच्या दांड्याला क्लिंग फिल्म, पिगमेंट आधीच छोट्या कपात काढलेलं, कार्ट्रिज (मशीनला लावायचं सुयांचं सीलबंद टोक) गिऱ्हाइकासमोर फोडायची, पाकिटावरची तारीख तिला दाखवून. मग बसवते आणि मी नुसती बघत बसते की ग्लोव्हज घातलेला हात कुठे कुठे जातोय. पाच मिनिटात मोबाइल, केस, खुर्चीचा हँडल, पिगमेंटची बाटली, सगळीकडे जाऊन येतो! हिपॅटायटिस बी चा व्हायरस सुकलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहतो, हे सांगितलं की मग हात जागेवर येतो. आणि तो निळ्या लाइटचा पार्लरमधला डबा, त्याने काहीही स्टरलाइज होत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे १२१ डिग्रीची दाबाखालची वाफ. नसेल तर सगळं एकदाच वापरून फेकायचं घ्या. सुया कचऱ्याच्या पिशवीत नाही, न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि तो डबा घेणारं जवळचं एखादं क्लिनिक आधीच गाठून ठेवा.

पिगमेंट स्वस्तात घेऊ नका. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या रंगांमधल्या हजारो केमिकल्सवर बंधनं आणली आहेत, त्या नियमात बसणारी बाटली, बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट, तीच घ्या आणि बॅच नंबर फॉर्मवर लिहा. २०११-१२ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९ जणांना टॅटूवर इन्फेक्शन झालं होतं आणि शाई दुकानात पोचायच्या आधीच दूषित होती, म्हणजे बाटलीत काय आहे ते आपल्या हातात नसतं, पण कुठली बाटली कुणाला लावली एवढं तरी आपण सांगू शकलो पाहिजे. नळाचं पाणी घालून रंग पातळ करणं तर सोडूनच द्या. पॅच टेस्ट (आधी थोडासा रंग कातडीवर लावून बघणं) करा, पण अ‍ॅलर्जी कधी कधी काही महिन्यांनी, वर्षांनी पण उठते हे गिऱ्हाइकाला सांगून. फॉर्मवर अजून दोन ओळी हव्यात, यानंतर वर्षभर रक्तदान चालत नाही, आणि एमआरआय करायची वेळ आली तर टेक्निशियनला आधी सांगायचं.

आता तुमचं स्वतःचं. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसची असते, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात, त्यामुळे कोर्स शोधायला लागलात की त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघा. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीला लस नाही. वापरलेली सुई स्वतःच्या बोटाला लागलीच तर बोट पिळायचं नाही, चोखायचं तर अजिबात नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, गिऱ्हाइकाला खरं सांगून तिचं पण रक्त तपासायची विनंती करायची आणि त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या तिथे मिळतात, ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात पण पहिल्या दोन-चार तासातच सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, आणि पुढे २८ दिवस घ्यायच्या असतात. ओपीडी बंद झाली असेल तर कॅज्युअल्टीत जाऊन "वापरलेली सुई लागलीय" एवढंच सांगा.