चेरीतलं पोषण मोजताना या चुका टाळा

मे संपता संपता जळगावात काश्मीरची चेरी येते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री तापलेलं, आणि हातगाडीवर बर्फाच्या लादीवर पारदर्शक डब्या मांडलेल्या. पाव किलोचा भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरकतो, पण "औषधी असते म्हणे" असं पुटपुटत घेतोच. त्याच आठवड्यात माझा फोन सुरू होतो. आधी कॉलेजात गृहविज्ञान शिकवलं, आता आहारसल्ला देते. माणसं दरवर्षी नवी येतात, चुका त्याच घेऊन येतात.

आधी सरळ आकडे देते, म्हणजे पुढचं भांडण नीट करता येईल. बी काढलेली ताजी गोड चेरी, १०० ग्रॅम: ऊर्जा ६३ किलोकॅलरी, पाणी ८२ ग्रॅम, कर्बोदकं १६ ग्रॅम, त्यातली साखर पावणेतेरा ग्रॅम, तंतू २ ग्रॅम, प्रथिनं १ ग्रॅम, स्निग्ध जवळपास नाहीच. पोटॅशियम २२२ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ७ मिलिग्रॅम, लोह ०.३६ मिलिग्रॅम. हे अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्यातले आकडे. बरं फळ आहे, चमत्कार नाही. चेरीचं खरं वेगळेपण तिच्या गडद रंगात, म्हणजे अँथोसायनिन या रंगद्रव्यात आहे, आणि ते या यादीत दिसतच नाही.

किराणा दुकानातली लाल गोळी म्हणजे चेरी नव्हे

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडते.

धुळ्याचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. आजोबांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याचा आजार, पायाचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा झालेला, जोडीला मधुमेह. मुलाने कुठेतरी वाचलं की चेरीने गाऊट कमी होतो. वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं. अमेरिकेत गाऊटच्या ६३३ रुग्णांची पाहणी झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्या दोन दिवसांत त्यांनी चेरी खाल्ली, त्यानंतर दुखणं उसळण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी दिसला. पण ती नुसती पाहणी होती. चेरीनेच गुण आला असं त्यातून छातीठोक सांगता येत नाही, आणि गोळ्या बंद करा असं तर त्यात कुठेच नव्हतं.

सून म्हणाली, "ताई, महिनाभर रोज दहा-बारा चेऱ्या देतेय. शुगर उलट वाढली." आजोबा खुर्चीतूनच बोलले, "दात गोड व्हई ग्यात, आंगठा तसाच से."

महिना होता जानेवारी. जानेवारीत धुळ्यात रोज दहा-बारा चेऱ्या? मी म्हटलं, डबा घेऊन या. दुसऱ्या दिवशी आला. प्लास्टिकचा गोल डबा, लाल झाकण, आत एकमेकींना चिकटलेल्या चकचकीत लाल गोळ्या. आपण पानात, केकवर, लग्नातल्या आईस्क्रीमवर बघतो त्याच. मी एक ताटलीत ठेवून सुरीने उभी कापली. चेरीच्या पोटात एकच टणक, गोल बी असते. ती यंत्राने काढली तरी मधोमध तिची स्वच्छ पोकळी राहते. इथे बी नाही, पोकळीही धड नाही, नुसता पाकाने भरलेला रबरासारखा गर, आणि एका बाजूला चुकून राहिलेली चपटी, बारीक बी. आजोबांनी चष्मा वर केला, बी बोटावर घेतली आणि म्हणाले, "हाई ते करवंद से!"

करवंदच होतं. सातपुड्यात ज्याला डोंगरची काळी मैना म्हणून आपण पानाच्या द्रोणात विकत घेतो, तेच, फक्त कच्चं तोडलेलं. ते मिठाच्या आणि सल्फाइटच्या पाण्यात ठेवतात, त्यात त्याचा मूळ रंग उतरतो. मग बिया काढतात, लाल रंग चढवतात आणि साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने मुरवतात. शेवटी वजनाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त साखरच उरते. रंग बहुधा एरिथ्रोसिन, लेबलवर आयएनएस १२७ म्हणून छापलेला. आंबट गरात तो विरघळून बाहेर पडत नाही, म्हणून आईस्क्रीमवर लाल ओघळ येत नाहीत. आपल्याकडे तो ठरावीक मर्यादेत चालतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली.

बाटलीतली परदेशी माराशिनो चेरी जातीने खरी असते, पण तिची गतही तीच: १०० ग्रॅममागे १६५ किलोकॅलरी, ३९ ग्रॅम साखर, क जीवनसत्त्व शून्य.

म्हणून कोणी "चेरी खातो" म्हटलं की मी आधी विचारते, कोणत्या महिन्यात? आपल्याकडे ताजी चेरी मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत, ती काश्मीर-हिमाचलची. एरवी विमानाने आलेली परदेशी मिळते, पण ती अशी रोज दहा-बारा कोणी खात नाही. महिना विचारण्यात कसलं शास्त्र नाही, माझी सवय आहे, पण निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात.

१६७७ चं भूत

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

सप्टेंबरचा पहिला आठवडा, पोषण सप्ताह. मुलींनी तक्ते रंगवले होते. एका तक्त्यावर ठसठशीत लिहिलं होतं: "चेरी, क जीवनसत्त्व १६७७ मिलिग्रॅम." मी घाईत होते, पाहुणे यायचे होते. अक्षर छान आहे एवढं बघितलं आणि खाली सही केली. प्रदर्शन बघायला रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी आले होते, मुलगी आमच्याकडेच शिकायची. ते तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "मंग आम्ही केयी कायले लावतो बाई?"

सगळे हसले, मीही हसले. रात्री तक्ते काढून बसले तेव्हा हसू गेलं. १६७७ हा आकडा ॲसेरोलाचा. तिला इंग्रजीत बार्बाडोस चेरी म्हणतात म्हणून मुलीने तो उचलला. ते झाड वेगळ्या कुळातलं, उष्ण प्रदेशातलं. आपली चेरी गुलाबाच्या कुळातली, बदाम आणि पीच यांची बहीण. ७ च्या जागी १६७७, आणि खाली माझी सही.

त्या शेतकऱ्यांना द्यायचं उत्तर तर आणखी सोपं होतं. १०० ग्रॅम केळ्यात पोटॅशियम ३५८ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व पावणेनऊ. दोन्हींत केळं चेरीच्या पुढे. साखर जवळपास सारखीच, कॅलरी मात्र ८९, कारण केळ्यात पाणी कमी. आणि क जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरू घ्या, २२८ मिलिग्रॅम. दहा रुपयांचं फळ सोडून डबीच्या मागे धावणाऱ्यांचा मला राग येत नाही असं नाही.

याच भुताचा धाकटा भाऊ म्हणजे ६४. गोड चेरीत अ जीवनसत्त्व ६४, आंबट चेरीतही ६४. दोन्ही तक्ते समोर ठेवून मुली म्हणतात, "मॅडम, सारखंच आहे." एकक बघा ना! गोड चेरीचे ६४ आहेत आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे जेमतेम ३ मायक्रोग्रॅम. आंबट चेरीचे ६४ हे थेट मायक्रोग्रॅम, म्हणजे १२८३ एकक. वीस पट फरक, आकडा तोच. मी आता वहीत आकड्याच्या आधी एकक लिहिते. उलटं दिसतं, विद्यार्थिनी हसतात, पण त्यानंतर माझी चूक झालेली नाही. मोबाईलवर पहिलं जे दिसेल ते उतरवून "झालं मॅडम" म्हणणाऱ्यांना मी वही परत करते.

बाकीच्या, पटापट

किलोज्यूल म्हणजे कॅलरी नव्हे. परदेशी डबीवर २६३ बघून घाबरू नका, ते ६३ किलोकॅलरीच आहेत.

बी-देठासकट वजन करून तक्त्याशी ताडू नका. आठ-दहा टक्के तिथेच जातात. मी खाऊन झाल्यावर बिया वाटीत तोलते आणि वजा करते.

चेरीत सॉर्बिटॉल असतं, पोट सैल करणारा एक गोड पदार्थ. ते साखरेच्या रकान्यात येत नाही, पण पोटाला कळतं. अर्धा किलो एका बैठकीत संपवून "फळ खराब होतं" म्हणून फळवाल्याशी भांडू नये.

बी गिळली गेली तर काही होत नाही. फोडून आतला गर मात्र खाऊ नका, चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. मुलांना बदामासारखा लागतो म्हणून मुद्दाम सांगते.

रसात तंतू जवळपास राहत नाहीत. सुकवलेल्या चेरीत बहुतेक वेळा वरून साखर घातलेली असते. लेबल वाचा.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमचा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा. इथे मी सल्ला देत नाही.

नर्सरीवाला "आपल्या हवेत येणारी चेरी" म्हणून रोप देत असेल तर ती ॲसेरोला किंवा सिंगापूर चेरी असणार. खऱ्या चेरीला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते. आपल्याकडे पहाटेचे चार तास मिळतात, दुपारी पुन्हा पंखा.

झोपेसाठी चेरी? तिच्यात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक आहे, खरं आहे. माँटमोरेन्सी या आंबट जातीत ग्रॅममागे सुमारे १३ नॅनोग्रॅम मोजलं गेलंय. औषधाच्या दुकानातली गोळी ३ मिलिग्रॅमची. भागाकार करा: एका गोळीइतकं मेलाटोनिन मिळवायला दोन क्विंटल तीस किलो चेरी लागेल. एवढी खाणाऱ्याला झोप लागेल, पण कारण वेगळं असेल.

आणि एक खास आपल्या भागातली चूक. फिकट, आंबट चेरी घरी आली की गवतात अढी घालायची किंवा केळ्याशेजारी ठेवून पिकायची वाट बघायची. केळं, आंबा तोडल्यावर पिकतात, चेरी पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी भरली तेवढीच. एका काकूंनी तांदळाच्या डब्यात चार दिवस पुरून ठेवली होती. तांदूळ गुलाबी झाले.