कटकट की घूं? लिनक्सवर गाणं रेकॉर्ड करताना या चुका टाळा

नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरकडे देवीच्या गाण्यांची आणि एप्रिलच्या आधी सगळीकडेच भीमगीतांची घाई असते. लातूर, नांदेड, परभणीकडे एका खोलीत स्टुडिओ थाटलेली मंडळी अशा वेळी लिनक्सकडे, म्हणजे फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, वळतात, कारण लायसन्सचा खर्च परवडत नाही आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर ऐनवेळी दगा देतं. उबुंटू स्टुडिओ (ऑडिओच्या कामासाठीचं लिनक्स) टाकलं, आर्डर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं, माईक जोडला, आणि पहिल्याच टेकला हेडफोनमध्ये खरखर. मग लगेच निकाल लागतो, ‘लिनक्सवर हे जमत नाही.’

जमतं. पण खरखर कुठली आहे ते आधी कान देऊन ऐका. मधूनमधून तुटणारी कटकट असेल तर कॉम्प्युटरला दिलेल्या वेळेत काम उरकत नाहीये. याला एक्सरन म्हणतात. गाणारा गप्प बसल्यावरही सलग घूं येत असेल तर बहुधा तो विजेचा प्रश्न आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही घूं 50 आणि 100 हर्ट्झवर बसते. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून ती जाणार नाही.

थेट कर्नललाच हात घालणं

कटकट आली की बरेच जण आधी रिअल-टाइम कर्नल, म्हणजे काम ठरल्या वेळेत उरकणारा कर्नल, शोधायला लागतात. ती सोय 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच आली आहे, आणि साध्या रेकॉर्डिंगला बहुतेकदा तीही लागत नाही. आधी एवढं बघा: तुमचं युजर खातं ‘ऑडिओ’ गटात आहे का? डेबियन-उबुंटूच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये ऑडिओला प्राधान्य मिळतं ते सहसा याच गटामुळे. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगइन करावं लागतं. ते न करता ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे खूप. मग वाय-फाय बंद करा, पॉवर प्रोफाइल ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. एवढ्यावर बरीच कटकट थांबते.

बफरची हौस

बफर म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने, आणि सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला घेतलेले नमुने. 48,000 हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर 256 चा बफर म्हणजे सुमारे 5.3 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे 21. हा एका टप्प्याचा हिशेब. जाऊन-येऊन उशीर दुपटीच्याही पुढे जातो. 1024 वर पखवाजवाल्याला स्वतःची थाप मागून ऐकू येते आणि तो नकळत लय ओढायला लागतो. म्हणून काही जण हौसेनं 32 वर जातात आणि जुना लॅपटॉप गुडघे टेकतो. रेकॉर्डिंगला 128 किंवा 256, मिक्सिंगला 1024, हे धोरण बरं. इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरची, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट हेडफोनमध्ये देण्याची, सोय असेल तर गायकाला तीच द्या, पण मग आर्डरमधलं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं की एकाच्या जागी दोन आवाज येतात आणि बुवा वैतागतात.

वीज, इन्व्हर्टर आणि मे महिना

आपल्याकडे खरा घोळ इथे आहे. अर्थिंग धड नसलेलं घर, त्यात स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. भारनियमनात लाईट गेली की घूं सुरू. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घ्या. घूं गेली तर चोर सापडला. पण गंमत अशी की बॅटरीवर जाताच बरेच लॅपटॉप आपोआप बचतीच्या मोडमध्ये जातात आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. घूं गेली, कटकट आली! चार्जर काढल्यावर पॉवर प्रोफाइल पुन्हा तपासायचंच. कायमचा इलाज म्हणजे नीट अर्थिंग आणि प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर.

उन्हाळ्यात आणखी एक. आवाज नको म्हणून टेकच्या वेळी कूलर बंद, खोली तापलेली, आणि लॅपटॉप गादीवर. पहिले दोन टेक स्वच्छ, तिसऱ्यापासून कटकट. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, सेटिंग कुणी बदललेलं नसतं. लॅपटॉप टेबलावर उंच ठेवा, पंख्यातली धूळ काढा, दोन टेकच्या मध्ये कूलर लावा.

कंडेन्सर माईकला लागणारे 48 व्होल्ट इंटरफेस यूएसबीतूनच घेत असेल तर मध्ये बिनपॉवरचा (स्वतःचा अडॅप्टर नसलेला) यूएसबी हब नको. इंटरफेस मधेच गायब होण्याचं ते एक कारण असतं.

सूर चढला कसा?

44,100 वर घेतलेलं गाणं 48,000 वर तसंच वाजलं तर ते सुमारे नऊ टक्के जलद होतं आणि जवळपास दीड अर्धस्वर चढतं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून हार्मोनियमच्या दीड पट्ट्या. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध लटकतं. पेटीवर ते कुठेच सापडत नाही. सेशन (आर्डरमधलं त्या गाण्याचं काम) उघडताना सॅम्पल रेटचा इशारा आला तर न वाचता ‘ओके’ दाबू नका. पाइपवायर (लिनक्समध्ये आवाज इकडून तिकडे पोचवणारी व्यवस्था) वापरत असाल तर तिथलाही रेट सेशनशी जुळवून घ्या.

पुण्या-मुंबईला पाठवताना

मिक्सिंगवाला क्यूबेस किंवा प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असतो, त्याला आर्डरचं सेशन उपयोगाचं नाही. प्रत्येक ट्रॅकची 24 बिटची वेव्ह फाईल गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढा, म्हणजे सगळ्या एका रेषेत बसतील. फाईलच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका. लिनक्सला चालतं, विंडोजला नाही. आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री सिस्टिम अपडेट करू नका. गोंधळी मंडळी संबळ घेऊन दारात उभी असताना साउंड कार्ड शोधत बसायची वेळ येते.