प्रवासात टीप देताना: कोणाला, केव्हा आणि कशी

प्रवासाचा खर्च मांडताना विमानभाडे, खोलीभाडे आणि जेवणखाण यांचे आकडे आपण आधी धरतो. टीप मात्र ऐन वेळी खिशात जे हाताला लागेल त्यावर सोडून देतो. मग हॉटेलच्या दारात सामान उतरवून घेणारा माणूस समोर उभा असतो, आपल्याजवळ एकच मोठी नोट असते, आणि शेवटी एकतर नको तेवढे दिले जाते किंवा ओशाळे हसून आत जावे लागते. हे टाळायचे असेल तर मुक्काम किती रात्रींचा आहे, सामान किती वेळा दुसऱ्याच्या हाती जाणार आहे, चालक आणि गाइड किती दिवस बरोबर असणार आहेत, याचा अंदाज घेऊन निघण्यापूर्वीच ती रक्कम वेगळी काढावी. चलन बदलून घेतानाच काही लहान नोटा मागून घ्याव्यात. ते राहून गेले तर हॉटेलच्या स्वागतकक्षातून नोट मोडून घ्यावी. आपल्या देशातून नेलेली नाणी देणे मात्र टाळावे. चलन बदलून देणारे सहसा नोटाच स्वीकारतात, त्यामुळे अशी नाणी घेणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसतात.

किती द्यावे, याला जगभर लागू पडेल असे उत्तर नाही, कारण टीपेमागची व्यवस्थाच देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत टीप मिळवणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याच्या कायद्याने ठरवलेले किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबलेले आहे आणि टीप धरून ते ताशी ७.२५ डॉलरपर्यंत पोहोचावे, अशी अपेक्षा आहे. काही राज्यांनी याहून बरेच जास्त वेतन ठरवले आहे हे खरे, पण जेवणाच्या बिलावर १५ ते २० टक्के ठेवण्याची तिथली रीत या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. तिथली टीप हा वेतनाचाच एक भाग आहे. फ्रान्समध्ये उलट स्थिती आहे. तिथे १९८७ पासून दरपत्रकातल्या किमतीतच सेवेचा मोबदला धरलेला असतो, त्यामुळे सेवा विशेष आवडली तर थोडी नाणी टेबलावर ठेवली तरी पुरते. जपानमध्ये तर टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर तुम्ही ते विसरलात असे समजून कोणीतरी मागे धावत येण्याचाच संभव अधिक. तिथल्या रयोकान या पारंपरिक निवासांत ‘कोकोरोझुके’ म्हणून काही देण्याची जुनी पद्धत आहे, पण ती रक्कम कोऱ्या नोटांच्या रूपात, पाकिटात घालून आणि बहुधा मुक्कामाच्या सुरुवातीलाच दिली जाते. सक्ती तिचीही नाही. म्हणून नव्या देशात पाऊल ठेवण्यापूर्वी तिथली रीत एकदा विचारून घ्यावी. शक्यतो ज्याला टीप मिळणार नाही अशाच माणसाला विचारावे. ज्याला द्यायची त्यालाच आकडा विचारणे म्हणजे त्याला पेचात टाकणे.

बिल हातात आले की रकमेआधी त्यावरच्या ओळी वाचाव्यात. ‘सर्व्हिस चार्ज’ किंवा ‘ग्रॅच्युइटी’ अशी ओळ असेल तर सेवेचे पैसे आधीच लावलेले असतात आणि त्यावर पुन्हा टीप देण्याचे बंधन राहत नाही. मोठ्या गटाच्या जेवणावर आणि खोलीत मागवलेल्या पदार्थांवर ही ओळ हमखास आढळते. सर्व्हिस चार्ज सेवकांपर्यंत पोहोचतोच असे मात्र गृहीत धरू नये. अनेक ठिकाणी तो व्यवस्थापनाच्या खात्यात जमा होतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने मालकांना टीप आणि सर्व्हिस चार्ज या दोन्ही रकमा कामगारांना पूर्णपणे वाटणे बंधनकारक केले, यावरूनच पूर्वी काय चालत असे ते ध्यानात यावे. शंका असेल तर वाढप्याला हळूच, एकटा असताना विचारावे: “हे पैसे तुमच्यापर्यंत येतात का?” कार्डाने पैसे भरताना यंत्राच्या पडद्यावर टक्केवारीचे तीन-चार पर्याय झळकतात; त्यांतला मधला निवडलाच पाहिजे असे काही नाही. वेगळी रक्कम टाकण्याचा किंवा काहीच न देण्याचा पर्यायही तिथे असतो, फक्त तो जरा शोधावा लागतो.

सर्वांत जास्त विसर पडतो तो खोली साफ करणाऱ्या व्यक्तीचा, कारण ती आपल्या नजरेस पडत नाही. आपण बाहेर असताना ती येते, आपल्या ओल्या टॉवेलांची रास उचलते, न्हाणीघराची फरशी घासते, चादरी बदलते आणि आपण परतायच्या आत निघून जाते. माझाही पहिला प्रयत्न फसलाच होता. एका मुक्कामात मी रोज सकाळी थोडे पैसे दिव्याखाली ठेवत असे. तिसऱ्या संध्याकाळी पाहिले, तर तिन्ही दिवसांच्या नोटा नीट सरळ करून, टेलिफोनशेजारी एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. एकही नोट कमी नव्हती. चूक अर्थातच माझी होती. पाहुण्याच्या खोलीत सापडलेले पैसे उचलले तर चोरीचा आळ येऊ शकतो, नोकरी जाऊ शकते. म्हणून पैसे आपल्यासाठीच आहेत हे स्पष्ट झाल्याखेरीज जाणते कर्मचारी त्यांना हात लावत नाहीत. तेव्हापासून मी हॉटेलच्याच टिपणवहीतला कागद घेऊन त्यावर ‘खोली साफ करणाऱ्यांसाठी, धन्यवाद’ असे तिथल्या भाषेत किंवा इंग्रजीत लिहितो आणि नोट त्यात घडी करून उशीवर ठेवतो. कागद उशीवर असला की गैरसमजाला जागाच उरत नाही.

ही टीप रोजच्या रोज ठेवावी, निघण्याच्या दिवशी एकदम ठेवू नये. पाळ्या बदलतात, चार दिवस घाम गाळणारी व्यक्ती पाचव्या दिवशी सुट्टीवर असू शकते आणि सगळी रक्कम भलत्याच्याच हाती जाते. अमेरिकेत एका रात्रीमागे साधारण २ ते ५ डॉलर ठेवतात. मुले बरोबर असतील, खोलीत जास्तीचा पलंग लावून घेतला असेल किंवा वाळूने भरलेले पाय घेऊन आपण आत येत असू, तर त्याहून जास्त ठेवावे. सफाई नको असल्याची पाटी दारावर लावली असेल त्या दिवशी काही ठेवण्याचे कारण नाही. मात्र साठलेला पसारा निघताना एकदम मागे राहत असेल, तर शेवटच्या दिवशी हात थोडा सैल सोडावा.

बाकीच्यांचे गणित सोपे आहे. सामान वाहणाऱ्याला बॅगांच्या संख्येप्रमाणे आणि सामान खोलीत ठेवून झाल्यावर द्यावे. गाडी लावून देणाऱ्याला सहसा गाडी परत आणून दिल्यावर देतात. कॉन्सिअर्जने, म्हणजे पाहुण्यांना माहिती देणाऱ्या आणि त्यांची बाहेरची कामे करून देणाऱ्या हॉटेलच्या कर्मचाऱ्याने, नुसता रस्ता सांगितला तर आभार पुरेसे आहेत. पण मिळेनाशी झालेली तिकिटे त्याने खटपट करून मिळवून दिली, तर त्या खटपटीचे मोल करावे. टॅक्सीचे भाडे पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत वाढवून देणे अनेक देशांत पुरेसे मानले जाते.

गाइड आणि चालक यांना वेगवेगळी पाकिटे द्यावीत. गाइड बोलका असतो, लक्षात राहतो. दिवसभर मुकाट्याने वळणे घेत गाडी हाकणारा मागे पडतो, आणि गाइडकडे दिलेले एकच पाकीट दोघांत कसे वाटले गेले हे आपल्याला कधी कळत नाही. गटाने प्रवास करत असाल तर वर्गणीची रक्कम पहिल्याच दिवशी ठरवावी, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी बसमध्ये टोपी फिरवण्याची वेळ येत नाही. डोंगरातल्या मोहिमांत हमाल आणि स्वयंपाकी यांची टीप शक्यतो सर्वांसमक्ष, ज्याची त्याला द्यावी. किलिमांजारोसारख्या ठिकाणी एका गिर्यारोहकामागे अनेक माणसे राबत असतात, त्यामुळे तिथल्या टीपेचा आकडा अगोदरच मुख्य खर्चात धरावा लागतो. समुद्रपर्यटनाच्या अनेक जहाजांवर ही रक्कम रोज प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर आपोआप चढते. आरक्षण करतानाच ती पाहून ठेवली तर शेवटच्या बिलाचा धक्का बसत नाही.

देण्याची पद्धतही जपावी. नोट घडी करून, नजरेला नजर देऊन, दोन शब्द बोलून द्यावी. ती हवेत फडकवू नये किंवा सोबत्यांना दिसेल अशी मोजू नये. सेवा वाईट झाली तर टीप कमी करण्यापूर्वी दोष कोणाचा ते पाहावे, कारण जेवण उशिरा आले तर ते बहुधा स्वयंपाकघरात अडलेले असते, वाढप्याच्या हातात नसते. सीमेवरचे, जकातीचे किंवा पोलीस खात्यातले कर्मचारी यांच्यापुढे टीपेचा विषयच काढू नये. तिथे तिचे नाव चिरीमिरी होते आणि देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. कोणी टीप नाकारली तर एकदा आग्रह करून थांबावे. त्याच्या संस्थेचा तसा नियम असू शकतो आणि आपल्या आग्रहापायी त्याला बोलणी खावी लागतील. अशा वेळी, किंवा खिशात खरोखरच काही उरले नसेल तेव्हा, छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून ते व्यवस्थापकांना लिहून कळवावे, आणि नावाबरोबर त्या माणसाने नेमके काय केले तेही लिहावे.