घरच्या घरी मोटारसायकलचे इंजिन ऑइल बदलताना

इंजिन ऑइल बदलण्याचे काम एकदा हातात बसले की पाऊण तासात उरकते. ते बिघडते बहुधा एकाच ठिकाणी, इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल काढण्याचा बोल्ट, आवळताना. बोल्ट पोलादी असतो आणि तो ज्यात बसतो ते चेंबर ॲल्युमिनियमचे, त्यामुळे जोर जास्त झाला की बोल्ट शाबूत राहतो आणि चेंबरचे आटे जातात. जुळे सोलापुरात घरासमोर पहिल्यांदा ऑइल बदलले तेव्हा थेंबही गळू नये म्हणून मी पान्याला पाइप अडकवून बोल्ट आवळला होता. शेवटच्या पाव फेऱ्यात हाताखालचा ताण एकाएकी सैल पडला, बोल्ट नुसताच फिरू लागला, आणि पुढे लेथवाल्याकडून मोठ्या मापाचे आटे पाडून घ्यावे लागले. म्हणून या कामात पाना लांब दांड्याचा नको, हातभर पाइप तर नकोच.

आधी ऑइलविषयी. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ‘पातळ ऑइल उन्हात टिकत नाही, दाट टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो पटण्यासारखा वाटला तरी बरोबर नाही. डब्यावर १०डब्ल्यू-३० असा ग्रेड लिहिलेला असतो. त्यातला दुसरा आकडा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते दाखवतो, म्हणजे बाहेरचे ऊन नव्हे तर तापलेले इंजिन गृहीत धरूनच तो ठरलेला असतो. ऑइलच्या वाटा आणि पंप ज्या दाटपणासाठी बनवलेले आहेत तोच ग्रेड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, आणि तोच घ्यावा. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे मोटारसायकल ऑइलच्या जपानी मानकाचे शब्द आहेत का, हेही पाहावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच याच ऑइलमध्ये बुडून चालतो, त्यामुळे मोटारीचे किंवा स्कूटरचे ‘एमबी’ प्रतीचे ऑइल घातल्यास क्लच घसरू शकतो. डब्याचे सील फुटलेले असेल तर तो दुकानातच परत करावा.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचे हेही मॅन्युअलच सांगते. लहान गाड्यांत तो आकडा अनेकदा ३,००० च्या आसपास, तर काही नव्या गाड्यांत त्याच्या दुप्पट किंवा अधिक असतो. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरच करून घ्यावे.

गाडी पाचेक मिनिटे चालू ठेवून कोमट करावी, कारण गार ऑइल तळाशी चिकटून राहते. तुळजापूरहून घाट उतरून आल्या आल्या मात्र बोल्टाला हात लावू नये. तेव्हाचे ऑइल आणि सायलेन्सर दोन्ही पोळतात. गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला उभी करावी, खाली पुठ्ठा पसरावा, त्यावर जुनी पसरट पाटी ठेवावी. बोल्टाभोवतीची माती ब्रशने झाडून मगच वरचे डिपस्टिकचे, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीचे, झाकण सैल करावे, म्हणजे हवा आत जाऊन ऑइल सरळ धार धरून पडते. डोके खाली घालून बोल्टाच्या तोंडाकडे पाहत तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा असतो. वरून वाकून पाहणाऱ्याला हीच दिशा उलटी दिसते, आणि सोडतो आहोत असे समजून बोल्ट आवळला जातो. शेवटचे दोन-तीन आटे हातमोजे घातलेल्या बोटांनी, बोल्ट वर दाबून धरत सोडवावेत, नाहीतर तो धारेबरोबर पाटीत जातो.

धार थांबून थेंब पडू लागले की गाडी किंचित डावी-उजवी कलती करावी आणि इग्निशन बंद ठेवून किक चार-पाच वेळा हळू दाबावी. एवढ्या वेळात जुने ऑइल नीट पाहावे. काळा रंग ही काळजीची गोष्ट नाही. दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे, आणि बोल्टावर किंवा पाटीत धातूचे चकचकीत कण दिसले तर गाडी मिस्त्रीला दाखवावी. करडा, बारीक लेप मात्र सर्वसाधारण झिजेचा असतो. काही गाड्यांत छोट्या झाकणामागे कागदी फिल्टर असतो. तो काढताना कोणते तोंड बाहेर होते याचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि नवा तसाच बसवावा.

पुसायला काय वापरायचे, हे आपल्या गावात मुद्दाम सांगावे लागते. टॉवेलच्या कटपीसचे ढीग घराघरांत असतात, पण टॉवेलच्या टेरी कापडाचे तंतू सुटतात आणि ते डिपस्टिकबरोबर इंजिनात जातात. त्यापेक्षा धुऊन विटलेली सुती बनियन घ्यावी.

आता बोल्ट. नवे वायसर घालून तो पूर्णपणे हातानेच बसवावा. आटे वाकडे धरले असतील तर बोटांना लगेच जाणवते. वायसर टेकल्यावर आखूड पान्याने थोडाच फेरा द्यावा आणि वायसर दबल्याचा ताण लागला की थांबावे. किती जोराने आवळले ते दाखवणारा टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा पाळावा.

नवे ऑइल मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडे कमी ओतावे. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना ते साधारण पाऊण ते एक लिटर लागते, त्यामुळे अख्खा डबा रिकामा करण्याची घाई करू नये. जास्त झालेले ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचते. इंजिन दोन-तीन मिनिटे संथ चालवून बंद करावे, तेवढाच वेळ थांबून पातळी पाहावी. अनेक गाड्यांत डिपस्टिक पिळून न लावता नुसती टेकवून मोजतात. काचेची खिडकी असेल तर गाडी सरळ उभी हवी. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे असावी.

जुने ऑइल रिकाम्या डब्यात भरून त्यावर ठळक ‘जुने’ लिहावे आणि जुने ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे. गटारात ओतलेले ऑइल नाल्यात जाते, आणि वाळवीवर म्हणून शेतात टाकलेले मातीत राहते. त्यातले घटक कर्करोगाला कारण ठरू शकतात, म्हणून हातही साबणाने धुवावेत. मागच्या टायरवर थेंब उडाला असेल तर तोही साबणानेच धुवावा.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला, तर पाना उचलण्याआधी वायसर तपासावे.